तालीम कुणाची, ते विचार

प्रिय पोरी,

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि झोप उडाली, म्हणून पहाटेच लिहायला बसले आहे. तीन महिने सह्या गोळा केल्यास. पडद्यावरच्या लॅसी या कॉली जातीच्या कुत्रीची भूमिका पुढे जो कुत्रा करेल, तो ती पहिल्यांदा करणाऱ्या पॅलच्याच वंशातला हवा, ही मागणी. आणि परवा तुझ्याच मैत्रिणीने विचारलं, "रक्ताचा एवढा आग्रह कशाला? माणसांबद्दल कोणी असं बोललं असतं तर तूच भांडली असतीस." तुला उत्तर सुचलं नाही. तू लिहितेस, "मावशी, मोहीम बंद करून टाकू का?"

बंद करू नकोस. पण मैत्रिणीवर चिडूही नकोस, कारण तिचा प्रश्न बरोबर आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तो आम्हाला कोणी विचारला असता तर फार बरं झालं असतं.

तुला ऐकून माहीत आहे की आम्ही जिंकलो होतो. कसे जिंकलो ते सांगते. १९९७ मध्ये लॅसीची नवी मालिका सुरू झाली. सुरुवातीला त्यात हॉवर्ड होता, पॅलच्या आठव्या पिढीतला, १९९४ च्या चित्रपटात होता तोच. मग त्याला काढून घराण्याबाहेरचा कुत्रा आणला. चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला. मीही जेवणाच्या टेबलावर बसून रात्री-रात्री पत्रं लिहिली, हाताने, कारण हाताने लिहिलेलं पत्र वाचलं जातं असा माझा समज होता. निर्मात्यांना नमतं घ्यावं लागलं. नवव्या पिढीतला 'हे हे' (दुसरा) त्या भूमिकेत आला. आम्ही केक कापला आणि आपापल्या घरी गेलो.

घरी गेलो, हीच आमची चूक. २००५ मध्ये नवा चित्रपट आला तेव्हा आमच्यापैकी कोणी साधी चौकशीही केली नाही की कुत्रा कुठला, आणि त्याला तयार कोणी केलं. आम्ही चेहऱ्यासाठी भांडलो होतो. कपाळावरचा पांढरा पट्टा, गळ्याभोवतीची पांढरी झूल, चारही पांढरे पाय. तालमीसाठी आम्ही एक ओळही लिहिली नव्हती.

म्हणून तुला एकच सांगायचं आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: तालीम कुणाची, ते विचार.

आता तू म्हणशील, वंश आणि तालीम एकत्रच आले ना. आले, पण आधी काय आलं ते बघ. पॅल कुठल्या लॅसीचा मुलगा होता? कुठल्याच नाही. १९४० मध्ये जन्मलेला कॉली. भुंकून भुंकून घर डोक्यावर घ्यायचा, मोटारसायकल दिसली की मागे धावायचा. मालकाने कंटाळून त्याला रड वेदरवॅक्स या कुत्र्यांच्या ट्रेनरकडे शिकवायला आणलं आणि शिकवणीच्या पैशांऐवजी कुत्राच त्यांच्याकडे ठेवला. भुंकणं वेदरवॅक्सनी थांबवलं, मोटारसायकलींचं वेड काही गेलं नाही. एम.जी.एम. स्टुडिओत लॅसीच्या पहिल्या चित्रपटाच्या निवडीला नेलं तर आधी नकार मिळाला. नर आहे, डोळे मोठे, डोकं चपटं, आणि कपाळावर तो पट्टा. आज तू ज्या पट्ट्यासाठी सह्या घेते आहेस, तो तेव्हा दोष होता! मग पुराच्या नदीचं दृश्य आलं. निवडलेल्या कॉलीकडून ते होईना. पॅल पाण्यात उतरला, पोहून पलीकडे गेला, आणि बाहेर आला तो असा थकलेला की बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यावं. १९४३ चा तो चित्रपट त्याचा झाला.

थकल्याचा तो अभिनय रक्तात नव्हता. तो कोणीतरी त्याच्याकडून रोज, न कंटाळता, करून घेतला होता. तालीम.

उलट बाजूही बघ. पॅलचा मुलगा लॅसी ज्युनियर, पन्नाशीच्या दशकातल्या जुन्या मालिकेतला. तो आजारी पडला तेव्हा त्याचा मुलगा स्पूक उभा केला. रक्त तेच, घर तेच. पहिल्याच दिवशी सेटवर वरचा दिवा कोसळला आणि त्या बिचाऱ्याने जी धास्ती घेतली ती घेतलीच, सेटवर पुन्हा कधी मोकळा झाला नाही. मग बेबी नावाच्या दुसऱ्या कुत्र्याला तयार केलं. नातू आहे म्हणून स्पूकला रेटून पुढे ढकललं नाही, याला मी परंपरा म्हणते. गाण्याच्या घराण्यात आपण काय वेगळं मानतो? सवाई गंधर्व अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रक्ताचे नव्हते, भीमसेन जोशी सवाई गंधर्वांच्या रक्ताचे नव्हते, तरी किराणा घराणं कोणाचं हे कोणी विचारत नाही. मैत्रिणीला हे सांग. आणि मनापासून सांग, वाद जिंकायला नको.

तुझ्या पत्रकात तू 'शुद्ध रक्त' असं लिहिलं आहेस. तो शब्द आजच्या आज काढ. मला तो वाचून रागच आला, खरं सांगते. प्रत्येक पिढीत अर्धा वाटा आईकडून येतो, आठ-नऊ पिढ्यांनंतर पॅलचा वाटा किती उरतो ते तूच मांड, गणित तुझं चांगलं आहे. तो वाटा टिकवायचा तर नात्यातल्या नात्यात जोड्या लावाव्या लागतात. कॉलीत हे किती महागात पडतं ते मी पाहिलं आहे. सुमारे ७० टक्के कॉलींमध्ये एम.डी.आर.-१ या जनुकाचा दोष असतो, काही साधी औषधंसुद्धा त्यांच्या मेंदूपर्यंत पोचतात आणि घात करतात. डोळ्यांचा जन्मजात दोष वेगळाच. माझ्या दुसऱ्या कॉलीला जंताचं औषध दिलं गेलं तेव्हा तपासणी करून घ्यायची असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रात्रभर तो स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून पाय झाडत होता आणि मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. सकाळी वाचला. तेव्हापासून कोणी कुत्र्याच्या बाबतीत 'शुद्ध' म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो. वंश मागायचा असेल तर त्याच दमात आरोग्य तपासणीही माग, नाहीतर तुझ्या सह्या एखाद्या पिल्लाच्या जिवावर उठतील.

राहिलं नाव. नाव विकता येतं. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्टुडिओकडून येणं असलेल्या सुमारे ४०,००० डॉलर्सच्या बदल्यात रड वेदरवॅक्सनी लॅसीचं नाव आणि हक्क मागून घेतले. पुढे ते हक्क हातोहात फिरले आणि २०१२ मध्ये ड्रीमवर्क्स या चित्रपट कंपनीकडे, २०१६ मध्ये त्यांच्यासकट एन.बी.सी. युनिव्हर्सलकडे गेले. नाव ज्याचं, त्याने कुठलाही कॉली उभा करावा, कायदा त्याला अडवणार नाही. तेव्हा 'हा तुमचा हक्क नाही' असं पत्रात लिहीत बसू नकोस, वकील दोन ओळींत उत्तर देतात. त्याला असं विचार, जे तो वकिलाकडे सोपवू शकणार नाही: कुत्र्याला शिकवणारा कोण, तो कुणाच्या हाताखाली शिकला, किती महिने दिलेत?

आता माझी गोष्ट. ती तुला कधी सांगितली नाही.

इथे कॅलिफोर्नियात आले तेव्हा एका म्हाताऱ्या ट्रेनरच्या केनेलवर मी शनिवार-रविवार जात असे. पिंजरे धुवायचे, केस विंचरायचे, बदल्यात बघायला मिळायचं. त्यांनी आयुष्यभर कॅमेऱ्यासाठी कुत्री तयार केली होती. एकदा चित्रीकरणाला मला बरोबर नेलं. पडद्यावर कुत्रा मुलाकडे व्याकूळ होऊन बघतो ना, तो मुलाकडे बघतच नव्हता. भिंगाच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर, या ट्रेनरची मूठ होती. मुठीत उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा. करंगळी हलली की कान टवकारायचे. मूठ दोन इंच खाली गेली की मान कलायची. अंगठा आत वळला की कुत्रा जिभेने नाक चाटायचा आणि प्रेक्षकाला वाटायचं, हा रडतो आहे. आवाज अजिबात नाही. मी विचारलं, हे कुठे लिहून ठेवलंय? ते म्हणाले, हातातच आहे, तू लिही.

मी लिहिते म्हणाले. सात वर्षं म्हणत राहिले. मला नोकरी होती, दोन मुलं लहान होती, नवऱ्याची रात्रपाळी होती. मी काही रिकामी बसले नव्हते, आणि आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्याच्या कुत्र्यांची घाण काढायला किती जणी जातात ते मला दाखव. पण पत्रमोहिमेसाठी मला रात्री वेळ मिळाला होता, हेही तितकंच खरं. मोहिमेत माणसं असतात, गप्पा असतात, जिंकल्यासारखं वाटतं. वही घेऊन एका म्हाताऱ्या माणसासमोर बसण्यात तसलं काही नसतं. त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात गेला. नेमका तो हात. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी डाव्या हाताने करंगळीची खूण करून दाखवायचा प्रयत्न केला, ती वेगळीच दिसली, आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही. केनेल बंद झालं. माझ्याकडे चार खुणा आहेत, त्यातल्या तीन तुला वर सांगितल्या.

म्हणून तालमीशिवाय वंशाची मागणी करणाऱ्या कागदावर मी आता सही करत नाही. तुझ्याही केली नाही. तुला वाईट वाटलं हे कळलं होतं मला. मावशीला लॅसीचं काही राहिलं नाही असं तू आईला म्हणालीस तेही कळलं. माझ्याइतकं ते कोणाला आहे गं?

रड यांचे चिरंजीव रॉबर्ट वेदरवॅक्सही २०२४ मध्ये गेले. वडिलांकडून मुलाकडे आलेला हात, तोही गेला. त्यांच्या हाताखाली किंवा त्या काळात शेजारी राबलेली माणसं आहेत अजून, पण ती सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांना कोणी फोन करत नाही. तुझ्याकडे तीन हजार सह्या आहेत म्हणतेस. त्या तीन हजारांत एकाने तरी कुठल्या ट्रेनरशी बोलून पाहिलं आहे का? नसेल, तर आधी ते. पत्रकात पहिली मागणी तालमीची घाल: परंपरेत शिकलेला माणूस कुत्र्यासोबत हवा, आणि त्याच्या हाताखाली दोन नवे शिकणारे हवेत. वंश दुसऱ्या क्रमांकावर, आरोग्य तपासणीच्या अटीसह. क्रम उलटा केलास तर मी भांडेन.

व्हॅलीत एक बाई आहेत, ब्याऐंशीच्या. माझ्या गुरूंच्या त्या जुन्या सहकारी. कुत्र्याला दाराची कडी काढायला त्या शिकवायच्या, आणि तसं शिकवणारं त्या काळी दुसरं कोणी नव्हतं असं गुरूच म्हणायचे. मी त्यांना काल फोन केला. येत्या शनिवारी या म्हणाल्या. माझा कुत्रा बरोबर घेऊ, दाखवायला काहीतरी हवं. तू कॅमेरा आण, तिपाईसकट, आणि तो चेहऱ्यावर लावू नकोस, हातांवर लाव. मी वही आणते. दुपारी त्यांना झोप लागते, म्हणून अकराच्या आत पोचायचं आहे. मी साडेनऊला तुझ्या दाराशी असेन. कलेजी उकडून आणते.

तुझी,
मावशी