‘सौभद्र’ झालं, आता कोणतं?

प्रश्न : गावच्या जत्रेत संगीत नाटक करायचंय. ‘सौभद्र’ दरवेळी होतं. पुन्हा रंगभूमीवर यायला हवं असं दुसरं कोणतं?
– एक वाचक, देवगड

उत्तर : ‘मत्स्यगंधा’च! वसंत कानेटकरांचं, १९६४ चं. जितेंद्र अभिषेकींनी पदं आटोपशीर आणि प्रसंगात मुरलेली बांधली. ‘गर्द सभोंती रान साजणी’ ऐकाच. शिवाय मत्स्यगंधा म्हणजेच सत्यवती, कोळ्याच्या घरात वाढलेली. भीष्माच्या प्रतिज्ञेमागे तिच्या बापाचीच अट. वल्हं कसं धरायचं हे आपल्या किनाऱ्यावरच्या मुलींना शिकवावं लागणार नाही. मात्र ध्वनिमुद्रित साथ नको. गायकाने आलाप वाढवला की तबलजीने त्याच्यासोबत जायला हवं. ऑर्गन मिळाला तर उत्तमच. पुढच्या वर्षी देवलांची ‘शारदा’ घ्या.