ऑइलचा लाल दिवा विझेना: एटीव्हीवाल्यांचे प्रश्न

पावसाळा ओसरला की नाशिककडून एटीव्हीचे, म्हणजे रानात-चिखलात चालणाऱ्या चारचाकी क्वाड बाईकचे, प्रश्न वाढतात. गंगापूर धरणाच्या बाजूची रिसॉर्ट्स, दिंडोरी-निफाडचे द्राक्षबागायतदार, त्र्यंबक रस्त्याचे हौशी लोक, सगळ्यांच्या गाड्या चिखलातून निघून धुवायला जातात आणि मग मीटरमधला लाल दिवा छळायला लागतो. उत्तरं देण्याआधी एक गोष्ट सांगतो. दिवा खोटं बोलतोय की खरं, याची तपासणी इंजिन बंद करून सुरू करायची.

आमच्या रिसॉर्टवर चार क्वाड बाईक आहेत. एका गाडीचा ऑइल लाईट धुतल्यापासून कायम लागलेला आहे. मेकॅनिकने सेन्सर बदलला, तरी फरक नाही. आता ऑइल पंप उघडायचा म्हणतो. उघडू द्यावा का?
*– गंगापूर-सावरगाव परिसर*

थांबा. पंप ही सगळ्यात शेवटची पायरी.

ज्याला सगळे सेन्सर म्हणतात तो बहुतेक गाड्यांत एक साधा स्विच असतो. चावी फिरवली की दिव्याला बॅटरीचे १२ व्होल्ट मिळतात आणि त्याची अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट, या स्विचमधून इंजिनच्या बॉडीला जाते. इंजिन बंद असताना स्विच जोडलेला असतो, म्हणून दिवा लागतो. इंजिन चालू झालं, ऑइलचं प्रेशर साधारण ०.२ ते ०.५ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) वर गेलं की स्विच उघडतो आणि दिवा विझतो. म्हणजे विझलेला दिवा एवढंच सांगतो की प्रेशर त्या किरकोळ आकड्याच्या वर आहे. ते पुरेसं आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

आता तपासणी. इंजिन बंद, चावी ऑन, दिवा लागलेला. स्विचवरची एकेरी वायर उपसून हवेत धरा. दिवा तरीही लागलेलाच असेल तर वायर मध्येच कुठेतरी बॉडीला लागली आहे, आणि तुमचा नवा स्विच उगाच बदलला गेला. हँडलखाली जिथे हार्नेस (वायरींचा जुडगा) वळतो ती जागा, सायलेन्सरजवळचा भाग आणि रॅकच्या क्लिपांखालचा भाग आधी बघा. शेडमध्ये गाडी ठेवत असाल तर उंदरांनाही संशयितांत धरा.

वायर काढल्यावर दिवा विझला तर वायरिंग ठीक. मग दोनच शक्यता उरतात: स्विच किंवा खरोखर प्रेशर नाही. इथे अंदाज चालत नाही, प्रेशर मोजणारा गेज लावावाच लागतो. स्विच काढून त्याच भोकात गेज बसवा, इंजिन गरम करा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आरपीएमला आकडा बघा. गेज लावल्यावर काटा काही सेकंदांत हललाच नाही तर लगेच इंजिन बंद करा. दुसऱ्या गाडीच्या आकड्याशी तुलना करू नका. क्रँकला बॉल बेअरिंग असलेली कितीतरी इंजिनं मुळातच कमी प्रेशरवर चालतात आणि आयुष्यभर ठणठणीत असतात.

गेजचे आटे मात्र नीट जुळवा. जपानी गाड्यांवर बहुतेकदा एक सुती (१/८ इंची) ब्रिटिश टेपर, म्हणजे निमुळते, आटे असतात, इंचाला २८. त्याच मापाच्या अमेरिकन फिटिंगला इंचाला २७ असतात. दोन-तीन फेरे ते गुमान बसतं आणि पुढे ॲल्युमिनियमची केसिंग खाऊन टाकतं. सातपूर किंवा अंबडला हायड्रॉलिकच्या सामानाच्या दुकानात जुना स्विच घेऊनच जा.

आणि हो, नवा स्विच त्याच मॉडेलचा आहे ना? ‘बसतोय ना, मग चालतंय’ म्हणून कारचा लावला असेल तर तो जास्त प्रेशरला उघडणारा असू शकतो. टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळला असेल तर तोही काढा. स्विचची अर्थ आट्यांतूनच जाते, आणि टेपचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत गेला तर ते दुखणं वेगळंच.

धुण्याबद्दल: प्रेशर वॉशरचा फवारा स्विचच्या रबरी टोपीवर थेट मारू नका. टोपी उचलून बघा. आतली पिन हिरवी पडली असेल तर पाणी शिरलंय. तिथे पाण्याऐवजी ऑइलचा ओलावा दिसला तर स्विच आतून फुटला आहे आणि ऑइल त्यातून झिरपून वायरीवर चढतंय. असा स्विच ताबडतोब बदला.

घरीच ऑइल आणि फिल्टर बदलला. स्टार्ट केल्यावर लाईट विझलाच नाही, म्हणून दहा-बारा सेकंदांत बंद केली. ऑइल लेव्हल बरोबर आहे. घाई केली का?
*– दिंडोरी*

अजिबात नाही, तुम्ही शहाणपण केलंत. पुन्हा स्टार्ट करून ‘बघू या विझतो का’ हे करू नका.

ऑइल बदलल्यावर लगेच सुरू झालेल्या दुखण्यात पहिला संशय फिल्टरवर. कव्हरच्या आत बसणाऱ्या कागदी फिल्टरला आत-बाहेर अशी बाजू असते. होंडाच्या फिल्टरवर तर बाहेरची बाजू छापलेली असते. उलटा बसला की ऑइलची वाट बंद. सोबतची स्प्रिंग जागेवर आहे का, जुनी ओ-रिंग खोबणीत राहून वर दुसरी तर बसली नाही ना, हेही बघा.

सगळं बरोबर निघालं तर पंपात हवा अडकली असेल. यामाहाच्या बऱ्याच एटीव्हींच्या हेडवर (इंजिनच्या वरच्या भागावर) यासाठीच एक छोटा बोल्ट असतो. तो सैल करा, इंजिन आयडलला ठेवा आणि तिथून ऑइल पाझरतंय का बघा. मिनिटभरात आलं नाही तर बंद करा आणि मग खुशाल मेकॅनिकला बोलवा. ऑइल आलं की बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरालाच) आवळा, हाताच्या अंदाजाने नको.

गाडी दोन महिने शेडमध्ये होती. आता गरम झाली की आयडलला लाईट लुकलुकतो, रेस केली की जातो. ऑइल कमी असेल म्हणून बघितलं, तर उलट लेव्हल वर गेलेली! कार्बोरेटरची गाडी आहे.
*– पिंपळगाव बसवंत*

डिपस्टिक नाकाशी धरा. पेट्रोलचा वास येतोय? येणारच.

पेट्रोलचा कॉक चालू राहिला आणि कार्बोरेटरच्या फ्लोटची निडल (पेट्रोल अडवणारी सुई) कचऱ्याने नीट बसली नाही, की टाकीतलं पेट्रोल थेंब थेंब इंजिनमध्ये उतरतं आणि सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये जातं. म्हणून लेव्हल वाढते. ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, गरम झाल्यावर आणखी पातळ, आणि आयडलला पंप फिरतोच हळू, त्यामुळे प्रेशर टिकत नाही. दिवा इथे शंभर टक्के खरं सांगतोय.

ही गाडी आता चालवायची नाही, स्टार्टर मारूनही बघायची नाही. सिलेंडरमध्ये पेट्रोल साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. निडल आणि तिची सीट साफ करा, झिजली असेल तर बदला. मग ऑइल-फिल्टर बदला, आणि प्लग काढून इंजिन थोडं फिरवा. ते करताना बिडी-काडी लांब आणि प्लगची वायर अर्थला लावलेली. इथून पुढे गाडी उभी केली की कॉक बंद.

ऑइल भरताना मॅन्युअलमधलाच ग्रेड घ्या. पातळ ऑइलवर उपाय म्हणून घट्ट ऑइल ओतणं हा नाशिकच्या गॅरेजांचा आवडता इलाज आहे, मला तो मान्य नाही. ऑइलमध्ये बुडालेला क्लच असेल तर डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA, अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं. कारच्या ऑइलने क्लच घसरू शकतो.

लेव्हल वाढलेली पण वास नाही, आणि ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर ते पाणी आहे. ओढ्यातून गाडी घातली होती का, ते आठवा.

मे महिन्यात पर्यटकांना हळूहळू फिरवताना लाल लाईट लागतो. सावलीत पाच-दहा मिनिटं उभी केली की आपोआप जातो. प्रेशरचा प्रॉब्लेम का?
*– त्र्यंबक रस्ता*

आधी तो दिवा प्रेशरचाच आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. हवेवर थंड होणाऱ्या बऱ्याच एटीव्हींना प्रेशरचा दिवा नसतोच, ऑइलच्या तापमानाचा असतो. तुमचं वर्णन त्याच्याशी जुळतं. ऑइल कूलरच्या जाळीत वाळलेला चिखल भरलेला असणार. मऊ ब्रशने आणि साध्या पाइपच्या पाण्याने तो काढा, आणि पंखा असेल तर तो फिरतोय का तपासा.

द्राक्षांचा सीझन चालू आहे, गाडी सोडवत नाही. स्विचची वायर काढून ठेवली तर महिनाभर निभेल?
*– निफाड*

दिवा विझेल. इंजिनचं काय होईल ते गेज लावल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. गेज लावून आकडा मॅन्युअलप्रमाणे आला, तर दोष स्विचचा आहे आणि नवा स्विच येईपर्यंत गाडी चालवा, रोज ऑइल लेव्हल बघा. आकडा कमी आला तर भाड्याचा मिनी ट्रॅक्टर इंजिनच्या कामापेक्षा स्वस्त पडेल.

मीटरचे बल्ब काढून एलईडी लावले. तेव्हापासून ऑइलचा लाईट पूर्ण विझत नाही, रात्री मंद दिसतो.
*– नाशिक रोड*

स्विचच्या टोपीत ओल किंवा मळ असेल तर त्यातून अगदी बारीक करंट अर्थला गळतो. बल्बची तार तेवढ्याने तापत नाही, एलईडीला मात्र तेवढा पुरतो. टोपी काढून पिन कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, वाळू द्या, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या. तरीही मंद दिसला तर त्या एका जागी जुना बल्ब परत लावा.