मर्यादित सरकार की मर्यादेतलं सरकार?

'व्यक्तीचे हक्क जपायचे तर लिमिटेड गव्हर्नमेंट लागतंच का' ह्या वाक्याचं मराठी करताना 'मर्यादित शासन' लिहिलं तर चालेल का, असं विचारलंय. चालेल हो, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात भलतंच काहीतरी येईल. आपल्याला 'मर्यादित' दिसतो कुठे, तर सोसायटीच्या गेटवर, 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित', बऱ्याचदा नुसतं 'मर्या.', आणि तिथे त्याचा अर्थ सभासदाची देणेदारी त्याच्या शेअरपुरतीच. म्हणजे 'सरकार मर्या.' म्हटलं की उद्या काही बुडालं तर आमच्याकडे येऊ नका! 'शासन'ची वेगळीच गंमत, गुन्हेगाराला कठोर शासन व्हावं असं आपण म्हणतोच, मग मर्यादित शासन म्हणजे बेताची शिक्षा.

पण खरी अडचण पुढे आहे. मर्यादित म्हणजे आकाराने लहान, की हद्दीत राहणारं? मराठीत 'मर्यादेत राहा' असं दटावतात ना, तो अर्थ मला इथे जवळचा वाटतो. संविधानाचा अनुच्छेद 13 तेच करतो, मूलभूत हक्क हिरावणारा किंवा कमी करणारा कायदा राज्याने करायचा नाही, केलाच तर तेवढ्यापुरता तो बाद. ही झाली वेसण. सरकार किती मोठं असावं ह्याबद्दल तिथे अवाक्षर नाही.

लहान सरकार म्हणजे हक्क आपोआप शाबूत, असं धरून चालायचं तर महाड आठवा. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव झाला, 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं, पण कागदावरच, कारण अडवणारे गावातलेच होते आणि त्यांना हटवायला कोणी पुढे आलं नाही, शेवटी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसोबत जाऊन ते पाणी प्यायलं. तिथे सरकार हात आखडून बसलं हाच त्रास होता. म्हणून तर पुढे संविधानात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट असं नावं घेऊन आलंय, अनुच्छेद 15 बघा.

जाता जाता, 'व्यक्तीचे अधिकार' करू नका. हिंदीत मूल अधिकार आहे, मराठी संविधानात 'मूलभूत हक्क'. अधिकार म्हटलं की मराठी माणसाला टेबलापलीकडचा अधिकारी दिसतो. आता 2005 चा कायदा 'माहितीचा अधिकार' म्हणून रुळला ते सोडा, 2015 च्या राज्याच्या कायद्यात परत 'लोकसेवा हक्क' आलाय, बरं वाटलं.

मी असं लिहीन: 'व्यक्तीचे हक्क टिकायला सरकार मर्यादेत राहणारं असावं लागतं का?' 'अंकुश असलेलं' पण चालेल. मूळ लेखकाला खरोखरच आकार म्हणायचा असेल, कर कमी, खाती कमी वगैरे, तर मात्र सरळ 'छोटं सरकार' लिहा, त्यासाठी मूळ लेखात ह्या वाक्याच्या आधीचा परिच्छेद एकदा वाचून बघा.