गिटार जमली नाही, तर बॅरिटोन युकुलेले घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं गिटार शिकलात, बोटं दुखून ती कपाटावर गेली आणि आता घरच्या घरी स्वतःच्या गाण्याला साथ देईल असं काहीतरी हवंय. मग बॅरिटोनच घ्या, म्हणजे युकुलेले या गिटारीसारख्या छोट्या, चार तारांच्या वाद्याचा मोठा प्रकार. दुकानदार बहुधा सोप्रानो नाहीतर कॉन्सर्ट हे लहान प्रकार पुढे करेल, कारण युकुलेले म्हटलं की लोकांना तो टुणटुणीत आवाज हवा असतो. तो बॅरिटोनमध्ये नाही. तोच हवा असेल तर इथेच थांबा.

बॅरिटोनच्या तारा डी, जी, बी, ई अशा लागतात, म्हणजे गिटारच्या बारीक चार तारा जशाच्या तशा. त्यामुळे तुमची दोन वर्षं फुकट जाणार नाहीत. सी, डी, ए मायनर, ई मायनर या कॉर्डची (एकत्र छेडायच्या सुरांच्या जुळणीची) बोटं तीच. जी कॉर्ड तर एका बोटावर येतो. आणि निम्म्या महाराष्ट्राच्या गिटारी ज्याच्यापायी कपाटावर गेल्या, त्या एफ कॉर्डला पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी) सहा नाही, दोनच तारा दाबायच्या. त्याही नायलॉनच्या.

आता माझी फजिती. वाद्य घरी आलं त्या रात्री मोबाइलच्या ट्यूनरमध्ये ‘युकुलेले’ निवडलं आणि निमूटपणे तो सांगेल तसं खुंट्या पिळत गेलो. शेवटची तार ‘ए’पर्यंत जायच्या आत तुटली. तो ट्यूनर जी-सी-ई-ए मागत होता, लहान युकुलेलेचे सूर! बॅरिटोन हे या घरातलं शेंडेफळ. लहान युकुलेलेचं मूळ 1879 मध्ये मदेइराहून हवाईला गेलेल्या पोर्तुगीजांच्या वाद्यात, तर हे 1940 च्या दशकात अमेरिकेत आलं. त्यामुळे पुस्तकं, व्हिडिओ, ट्यूनर सगळे त्याला विसरतात. सुट्या तारा घेतानाही ‘बॅरिटोन’ हा शब्द दोनदा सांगा. गिटारच्या स्टीलच्या तारा चुकूनही लावू नका, ताणाने घोडी उखडते.

दुकानात वाद्य हातात घेतलं की तार मोकळी छेडा, मग तीच बाराव्या फ्रेटवर दाबून छेडा. ट्यूनरवर तोच सूर, एक सप्तक वर, दिसला पाहिजे. बराच हलला तर वाद्य परत ठेवा, लाकूड कितीही देखणं असो. प्रत्येक फ्रेटवर एकेक तार दाबून झणझणतेय का तेही ऐका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर प्लायचं वाद्य चालेल. अखंड लाकडाचा आवाज जास्त खुलतो खरा, पण पावसाळ्यात त्याची फार बडदास्त ठेवावी लागते. मी प्लायचं घेतलं, पस्तावलो नाही. पहिला आठवडाभर सूर सारखा उतरेल. नायलॉन ताणून बसेपर्यंत तसंच चालतं, वाद्याला दोष देऊ नका.

एक कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, मात्र त्याच दिवशी घ्या. मी काळी एकमध्ये गातो, बायको काळी चारमध्ये. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला की सीच्या बोटांनी माझी पट्टी मिळते, जीच्या बोटांनी तिची. रात्री जेवणं झाल्यावर गाणं तिच्याकडून माझ्याकडे येतं, तेव्हा कॅपो जागचा हलवावा लागत नाही.