ऑफिसात सांगू की नको? एका क्लायंटची गोष्ट

महिन्यातून दोन-तीन जण तरी मला हाच प्रश्न विचारतात, शब्द वेगळे असतात एवढंच. "मॅडम, मला कायमचं दुखणं आहे, बाहेरून काही दिसत नाही. ऑफिसात सांगितलं तर लोक कीव करतील नाहीतर कामातून बाजूला काढतील, आणि नाही सांगितलं तर मी आळशी, माणूसघाणा ठरतो. काय करू?" कोणाला आमवात असतो, कोणाला डायबिटिस, कोणाला फिट्स येतात, पण मन अडकतं ते इथेच. याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही म्हणून एका क्लायंटची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच सांगतेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

चाळिशीतले गृहस्थ, सात-आठ जणांची टीम सांभाळणारे. पहिल्या दिवशी आले आणि बसायच्या आधी विचारलं, वॉशरूम कुठे आहे? मग दाराला लागून असलेली खुर्ची निवडली. वीसेक मिनिटं झाली असतील, वाक्य अर्धवट टाकून उठले, परत आले आणि तीनदा सॉरी म्हणाले. मी म्हटलं, सॉरी कशाबद्दल? तर म्हणे "सवय झालीये."

त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं आणि संडासला लागली की लागलीच, थोपवून धरता येत नाही. कधी महिनोन्‌महिने सगळं शांत असतं आणि मग अचानक उसळतं, त्याला फ्लेअर म्हणतात. औषधांनी आटोक्यात राहतो पण औषधांनी मुळापासून जात नाही. पाच वर्षं झाली होती निदान होऊन आणि ऑफिसात सगळ्यांना ठाऊक काय तर "यांना ॲसिडिटीचा त्रास आहे". टीम बाहेर गेली की हे नाही, प्रवास निघाला की यांचं काहीतरी कारण तयार, लांबलचक मिटिंग असली की आदल्या रात्रीपासून जेवण बंद. मागून कोणीतरी बोललेलं त्यांच्या कानावर आलं, "साहेबांना आपल्यात मिसळायचं नसतं." ते सांगताना मात्र त्यांचा आवाज फुटला, आजाराबद्दल बोलताना फुटला नव्हता.

मी पीएचक्यू-9 भरून घेतलं, म्हणजे डिप्रेशनची लक्षणं किती आहेत ते बघायची प्रश्नावली. नऊ प्रश्न असतात, गुण 0 ते 27, आणि 10 किंवा त्याच्या वर आले की नीट लक्ष घालावं लागतं. यांचे 14 आले. पण इथे जरा थांबावं लागतं, कारण थकवा, झोप, भूक हे प्रश्न त्यात आहेतच आणि कोलायटिसमध्ये थकवा तसाही असतो, शिवाय ते तेव्हा स्टेरॉइडवर होते आणि स्टेरॉइडनं झोप उडते, मूड वरखाली होतो. मग आजार किती नि डिप्रेशन किती? मी अशा वेळी उरलेल्या प्रश्नांकडे बघते, कशात रस वाटतो का, स्वतःबद्दल काय वाटतं. "आपण अपयशी आहोत असं वाटतं" याला त्यांनी 'जवळजवळ रोज' लिहिलं होतं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, तिथे शून्य होतं, तरी मी तोंडानं विचारलंच, नेहमी विचारते. (तुमचं तिथलं उत्तर शून्य नसेल तर पुढचं वाचत बसू नका, आजच्या आज डॉक्टरांना किंवा घरातल्या कोणाला तरी सांगा.) मूडचं त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला असं सांगितलं, आणि गोळी मनानं बंद करायची नाही हेही, कारण स्टेरॉइड एकदम सोडणं धोक्याचं असतं.

दुसऱ्या भेटीत एक कागद घेतला. जेम्स हाउस नावाच्या अभ्यासकानं 1981 मध्ये कामाचा ताण आणि लोकांचा आधार यावर लिहिताना आधाराचे चार प्रकार मांडले होते, ते मी रोजच्या भाषेत लिहिते: ऐकून घेणारं कोण, प्रत्यक्ष काम करून देणारं कोण, माहिती देणारं कोण, आणि "तू बरोबर करतोयस" म्हणणारं कोण. म्हटलं नावं भरा. त्यांनी पटापट भरली, चारही ठिकाणी एकच नाव, बायकोचं. मग बराच वेळ कागदाकडे बघत बसले आणि पहिल्या ओळीतलं नाव स्वतःच खोडलं. "ती काळजी घेते हो, पण ऐकत नाही. मी तोंड उघडलं की गोळी घेतलीस का, काय खाल्लंस, डॉक्टरांना फोन केलास का. घरात मी पेशंट आणि ऑफिसात मी नाटक करणारा. साधा माणूस कुठे आहे मी?"

मला हे फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा जास्त लिहिते. आधार नसतो असं नाही, बऱ्याचदा भरपूर असतो, पण माणसाला ऐकून घेणारं हवं असतं आणि मिळतात सूचना. अभ्यासातही हे वारंवार दिसलंय की लोकांनी किती मदत केली यापेक्षा, गरज पडली तर कोणीतरी आहे ही खात्री मनाला जास्त सावरते. आणि न मागता केलेली मदत कधीकधी माणसाला आणखीनच लहान करून टाकते.

बायकोला एकदा बोलावलं. त्या आल्या त्याच दमलेल्या. "मला कोण विचारतं का मी कशी आहे म्हणून?" एवढं म्हणून रडायला लागल्या, आणि हे गृहस्थ चकित, कारण पाच वर्षांत त्यांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. चार ओळींचं ओझं एकटीवर, दमणार नाहीत तर काय. आम्ही फक्त एक गोष्ट ठरवली, गोळीबद्दल दिवसातून एकदाच विचारायचं, आणि ते बोलायला लागले की आधी विचारायचं, "ऐकू, की काही करू?" त्यांच्यासाठी पण एक कागद भरला, त्यात त्यांच्या बहिणीचं नाव आलं.

मग ऑफिस. सगळ्यांना सांगायचं की कोणालाच नाही, असं दोनच रस्ते असल्यासारखं लोक धरून चालतात. मी म्हटलं एक माणूस निवडा, ज्याच्याशी रोजचं काम आहे आणि जो इकडचं तिकडे करत नाही. त्यांनी एका सहकारी बाईंचं नाव घेतलं. काय सांगणार ते लिहून आणा म्हटलं तर पान भरून आणलं, निदान कधी झालं, कुठल्या तपासण्या झाल्या, आणि "सॉरी" चार वेळा. आम्ही पेन घेऊन खोडत बसलो. आजाराचा इतिहास समोरच्याला द्यायची गरज नसते, नाव पण सांगावंच असं नाही, कामावर काय परिणाम होतो आणि तुम्हाला नेमकं काय हवंय एवढं पुरतं. शेवटी उरलं ते असं: "मला आतड्याचं जुनं दुखणं आहे, औषधं चालू आहेत. कधीकधी मिटिंगमधून अचानक उठावं लागतं. तेव्हा दहा मिनिटं तू पुढे चालू ठेवशील का?"

मोठ्यानं म्हणायची प्रॅक्टिस केली, पाच-सहा वेळा. पहिल्यांदा म्हणताना ते जमिनीकडे बघत होते.

बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चालेल. स्लाईड्स मला आधी पाठवशील?" बस. ना बिचारा, ना अरेरे. गंमत म्हणजे पुढचे तीन आठवडे मिटिंगमधून उठायची वेळच आली नाही, पण त्यांनी आदल्या रात्रीचं जेवण सोडणं बंद केलं, आपोआप. दुखणं तेवढंच होतं हो, फक्त आता कोणीतरी होतं.

सगळं गोड झालं नाही, तेही सांगते. त्या धीरावर त्यांनी वरच्या साहेबांना घाईघाईत, लिफ्टपाशी उभ्या उभ्या सांगून टाकलं, आणि "स्ट्रेस कमी घेत जा" असं उत्तर मिळालं. वर दोन आठवड्यांनी प्रवासाचं एक काम न विचारता दुसऱ्याकडे दिलं. ते फार दुखावले आणि म्हणाले, बघा, म्हणूनच सांगत नव्हतो. मला पण वाईट वाटलं, कारण लिफ्टपाशी सांगू नका हे मी बोलायला हवं होतं. साहेबांशी बोलताना वेळ मागून, बसून बोलावं, आणि काय जमत नाही याच्या बरोबरीनं काय जमतं हेही स्पष्ट सांगावं, नाहीतर समोरचा स्वतःच ठरवतो. आणि ताणानं हा आजार होत नाही, ताणात त्रास वाढू शकतो, हे दोन वेगळं आहे, तेही सांगायला हवं होतं.

मध्ये एक फ्लेअर येऊन गेला, दहा दिवस घरी होते. परवा आले तेव्हा पीएचक्यूचे गुण 8 होते. साहेबांसाठी नवीन मजकूर लिहून आणला होता, सहा ओळींचा, त्यात एक ओळ अशी की "प्रवासाची कामं मला आधी विचारा, मी हो किंवा नाही सांगेन". सॉरी एकदाच होतं. ते त्यांनी माझ्यासमोरच खोडलं.