माळरानावर सहा महिने

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे नोकरी करतो. त्याने शेजारच्या चेज काउंटीत (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा), कॉटनवुड फॉल्स या लहानशा गावी घर घेतले आहे. मार्चच्या मध्यावर आम्ही उभयता तेथे सहा महिन्यांसाठी जाणार आहोत. ‘तिथे गवताशिवाय काही नाही,’ असे सगळे सांगतात. आमचा वेळ कसा जाईल?
— एक वाचक दांपत्य, सोलापूर

उत्तर : सांगणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, आणि तेथे जाण्याचे सर्वांत सबळ कारणही तेच आहे. उत्तर अमेरिकेत एके काळी सुमारे १७ कोटी एकरांवर पसरलेल्या उंच गवताच्या माळरानापैकी आज ४ टक्क्यांहूनही कमी उरले आहे आणि त्यातील सर्वांत मोठा सलग पट्टा ज्या फ्लिंट हिल्स टेकड्यांवर आहे, त्यांतच ही काउंटी वसलेली आहे. मातीचा थर पातळ आणि त्याखाली चुनखडी व गारगोटी, त्यामुळे येथे नांगर चालला नाही. लोकांनी गुरे पाळली आणि गवत वाचले. त्यातील सुमारे ११ हजार एकर १९९६ पासून राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र आहे आणि २००९ मध्ये तेथे बायसन, म्हणजे तिकडचे रानगवे, पुन्हा आणले गेले.

आपण पोहोचाल तेव्हा टेकड्यांना आग लावलेली दिसेल. घाबरू नये. आपल्याकडे वणवा म्हणजे संकट. तेथे मात्र गुरांचे मालक वाऱ्याचा अंदाज घेऊन, काउंटीला आगाऊ कळवून आणि पाण्याच्या टाक्या गाड्यांवर चढवून मार्च-एप्रिलमध्ये स्वतःच माळ जाळतात, कारण त्यामुळे वाळलेला पाचोळा आणि देवदारासारखी घुसखोर झुडपे जातात व पुढील काही दिवसांतच काळ्या जमिनीतून कोवळा हिरवा फुटवा येतो. त्या चाऱ्यावर बाहेरगावची गुरे उन्हाळाभर पोसली जातात. पावसाचे वर्ष बरे असेल, तर ‘बिग ब्लूस्टेम’ हे गवत आपण निघेपर्यंत डोक्याइतके वाढलेले असेल. याच दिवसांत पहाटे प्रेअरी चिकन या कोंबडीसारख्या रानपक्ष्याचे नर उघड्या माळावर जमतात, गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमतात आणि पाय आपटत नाचतात. नान्नजचा माळढोक पाहण्यासाठी ज्यांनी पहाटे धूळ खाल्ली असेल, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरच्या या काउंटीत २०२० च्या जनगणनेनुसार अडीच हजारांच्या आसपास लोक राहतात. म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम सव्वा माणूस! म्हणूनच की काय, समोरून येणारा अनोळखी चालकही स्टिअरिंगवरचे बोट उचलून नमस्कार करतो. गावातील विटांच्या रस्त्याच्या टोकाला चुनखडी दगडाचे, तांबड्या छपराचे न्यायालय आहे. १८७३ मध्ये बांधलेल्या या इमारतीत काउंटीचा कारभार आजही चालतो. आतील अक्रोडाच्या लाकडाचा गोल जिना अवश्य पाहावा. जूनच्या आरंभी शेजारच्या स्ट्राँग सिटीत रोडिओ (गुराख्यांच्या घोडेस्वारी व कसरतींच्या स्पर्धा) भरतो, त्याची परंपरा १९३८ पासूनची आहे. निवांतपणाबद्दल मात्र गैरसमज नको : स्ट्राँग सिटीतून मालगाड्या रात्रंदिवस धावतात आणि वारा तर क्वचितच थांबतो.

अडचणीही सांगायला हव्यात. गाडी चालवता येत नसेल, तर मुलगा कामावर गेल्यावर आपण घरात आणि गावातल्या दोन-तीन रस्त्यांवर अडकाल. मोठी खरेदी व रुग्णालय यांसाठी सुमारे ३५ किलोमीटरवरील एम्पोरियालाच जावे लागते. त्यामुळे दोघांपैकी एकाने तरी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून, तेथे उजव्या बाजूने गाडी चालवण्याचा सराव करावा. वैद्यकीय विमा आणि नेहमीची औषधे आधीच पाहावीत. एप्रिल ते जून हा टोर्नेडोंचा, म्हणजे जमिनीवर उठणाऱ्या सोंडेसारख्या वावटळी वादळांचा, काळ असल्याने भोंगा वाजताच कोठे आसरा घ्यायचा, हे पहिल्याच दिवशी मुलाकडून समजून घ्यावे.