चारचा चहा आणि घरातली मुले

प्रश्न : मी नाशिकला राहते. माझी मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे. दोघेही पावणेचारच्या सुमारास शाळेतून येतात आणि आल्या आल्या कपाटातले पाकीट फोडून दोन दिशांना जाऊन बसतात. एकाला मोबाइल हवा असतो, दुसरीला दूरचित्रवाणी. मी घरूनच नोकरी करते, त्यामुळे माझा चहा संगणकासमोर होतो आणि सासूबाईंचा त्यांच्या खोलीत. त्यांच्या माहेरी चार वाजले की सगळे घर माजघरात जमत असे, असे त्या नेहमी सांगतात. तसे काही आमच्याकडे सुरू करावे असे मला मनापासून वाटते. परंतु माझ्या स्वतःच्या माहेरी ही पद्धत नव्हती आणि आठवडाभराच्या उत्साहानंतर सगळे बंद पडेल अशी धास्तीही वाटते. सुरुवात कशी करावी?

उत्तर : आपल्या माहेरी ही पद्धत नव्हती, याची खंत करू नका. दुपारचा चहा आज आपल्या अंगवळणी कितीही पडलेला असला, तरी सर्वसामान्य मराठी घरात तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, चहाच्या व्यापाऱ्यांनी केलेल्या मोठ्या प्रचारानंतर रुळला. म्हणजे सासूबाईंच्या माहेरची पद्धतही कोणीतरी, बहुधा त्यांच्या आजीने किंवा आईने, एके दिवशी पाडलेलीच असणार. मात्र चहाला आपण कोणाबरोबर बसतो, याला आपल्याकडे आधीपासूनच मोठा अर्थ होता. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशन या ख्रिस्ती संस्थेत चहा-बिस्किटे घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य (जातीतून वाळीत टाकण्याचा प्रसंग) आले आणि प्रायश्चित्ताचा वाद बराच काळ चालला, तो काही चहाच्या चवीवरून नव्हे. कोणाच्या पंक्तीला बसून तो घेतला, यावरून. एकत्र बसण्याचे हेच बळ घरातल्या माणसांसाठी वापरायचे, एवढेच आपल्याला करायचे आहे.

आता धास्तीबद्दल. अशा गोष्टी बंद पडतात, त्याचे एक कारण मी अनेक घरांत पाहिले आहे. पहिल्या दिवशी घरातली बाई नवा टेबलक्लॉथ अंथरते, दोन पदार्थ करते, सगळ्यांना हाका मारते, सगळे उठून गेल्यावर आठ कपबशा एकटीच विसळते, आणि दहाव्या दिवशी ती थकते. जी परंपरा एकाच माणसाच्या जिवावर उभी असते, ती त्या माणसाच्या पहिल्या आजारपणात संपते. म्हणून काय खायचे हे ठरवण्याच्या आधी कोणी काय करायचे हे ठरवा, आणि तेही मुलांना समोर बसवून ठरवा.

चार वर्षांच्या मुलाला बशा मांडता येतात, पाण्याचे पेले ठेवता येतात आणि मुख्य म्हणजे हाक मारता येते. "चहा झाला!" ही हाक त्याचीच असू द्या, आजीच्या खोलीपर्यंत जाऊन तिला हाताला धरून आणणे हेही त्याचेच काम. या वयाच्या मुलाला आपल्या शब्दावर मोठी माणसे उठून येतात याचा जो आनंद होतो, त्यापुढे मोबाइल फिका पडतो, हे आपल्याला दोन-चार दिवसांतच दिसेल. नऊ वर्षांच्या मुलीला कुंडीतली गवती चहाची पाने कात्रीने कापून आणणे (त्यांची कड धारदार असते, म्हणून ओरबाडू देऊ नये), आले किसणे, पाणी आणि साखर मापून घेणे ही कामे जमतात. आधण आणि ओतणे मात्र मोठ्या माणसाकडेच ठेवा. घरी लहान मूल असेल तर गरम पातेले टेबलाच्या मधोमध असावे, लोंबणारा टेबलक्लॉथ नसावा आणि हातात वाफाळता कप असताना मुलाला मांडीवर घेऊ नये. भाजण्याचे अपघात अशाच साध्या क्षणी होतात. आधणाचे काम सासूबाईंना आवर्जून द्या. त्यांच्या माहेरची आठवण त्या वेळी आपोआप निघेल आणि मुलांना ती सांगण्यासाठी वेगळा प्रसंग शोधावा लागणार नाही. कप विसळण्याची पाळी सर्वांची, आणि यात मुलगा-मुलगी असा भेद पहिल्या दिवसापासून नको. आपले पती ज्या दिवशी घरी असतील त्या दिवशी त्यांचीही.

वेळ ठरलेली हवी. मुले पावणेचारला येत असतील तर हातपाय धुऊन, कपडे बदलून सव्वाचार ही वेळ योग्य होईल. वीस मिनिटे पुरतात. तेवढा वेळ आपण संगणक बंद ठेवा, कारण आईचा एक डोळा पडद्यावर असताना मुलांना मोबाइल बाजूला ठेवायला सांगण्यात काही अर्थ राहत नाही. पाच वाजेपर्यंत खाणे आटोपले तर रात्रीच्या जेवणाची भूकही शाबूत राहते.

खाण्याबद्दल माझे मत थोडे कडक आहे : चहाच्या वेळी रोज काही नवे करायचे नाही. सकाळच्या पोळ्या उरल्या असतील तर फोडणीची पोळी, किंवा गूळ-तूप घालून मुलांनीच वळलेला पोळीचा लाडू. पातळ पोहे असतील तर दडपे पोहे, जे शिजवावे लागत नाहीत आणि ओले खोबरे, कांदा, लिंबू कालवण्याचे काम मुले आनंदाने करतात. काहीच नसेल तर डब्यातला भडंग. वर्षाचे ऋतू मुलांना पंचांगापेक्षा या ताटलीतून अधिक लवकर कळतात. उन्हाळ्यात कैरीचे पन्हे किंवा कोकम सरबत, पावसाळ्यात उकडलेल्या शेंगा आणि भाजलेले कणीस, थंडीत बोरे, पेरू, मिळाला तर हुरडा, आणि संक्रांतीच्या आगेमागे तिळाची वडी. "पहिले पन्हे कधी?" असे मुलगी मार्चमध्ये विचारू लागली, की आपली पद्धत रुजली असे समजावे. मुलगा अजून लहान आहे, तेव्हा त्याला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, ते घशात अडकू शकतात. कुटाचा लाडू द्या.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुले बसली की "आज शाळेत काय शिकवले?", "गणिताची वही मिळाली का?" असे प्रश्न सुरू करू नका. मुलांना ती तपासणी वाटते आणि मग त्यांचे उत्तर "काही नाही" यापलीकडे जात नाही. मोठ्यांनी आधी स्वतःचे काही सांगावे : आज भाजीवाल्याकडे काय झाले, कामात कोठे चूक झाली, सासूबाईंना सकाळी कोणाचा दूरध्वनी आला. माझ्या आजीच्या घरी चारच्या चहाला अभ्यासाचे नाव काढायचे नाही असा नियमच होता, आणि आम्ही नातवंडे शाळेतले जे काही घरी सांगत असू, ते नेमके त्याच अर्ध्या तासात सांगत असू. कधी कोणीच काही बोलणार नाही. तीही बैठक वाया गेलेली नसते.

प्रश्न : मी कोल्हापूरचा निवृत्त शिक्षक आहे. आम्ही लहानपणी चहा-चपाती खाऊन शाळेत गेलो आणि आमचे काही बिघडले नाही. माझा सहा वर्षांचा नातू दुपारी माझ्याबरोबर बसतो आणि बशीतून चहा मागतो; सून मात्र अजिबात देऊ नका म्हणते. यात योग्य काय?

उत्तर : गुरुजी, नातवाचे आपल्या शेजारी बसणे अमोल आहे आणि ते मुळीच थांबवू नका. चहाच्या बाबतीत मात्र सूनबाईंचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह शरीरात नीट शोषले जात नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. अशा देशात मुलाच्या ताटातले लोह चहाने वाया घालवणे परवडणारे नाही. त्या दृष्टीने चहा-चपाती ही जोडी फारशी हिताची नव्हती, कारण त्यात चहा जेवणाची जागा घेत असे आणि चपातीतले थोडेफार लोहही अडवत असे. आपल्याला तेव्हा काही जाणवले नाही हे खरे, पण रक्तक्षय बहुधा जाणवेल असा येत नाही.

भारतीय बालरोग अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच वर्षांखालील मुलांना चहा-कॉफी देऊच नये, आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना दिलीच तर दिवसाला अर्ध्या कपाहून, म्हणजे १०० मिलिलिटरहून, अधिक देऊ नये. ही वरची मर्यादा आहे, शिफारस नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्था तर मोठ्यांनाही जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा टाळायला सांगते.

नातवाला हवी आहे ती आपल्यासारखी बशी आणि आपल्यासारखा घोट. त्याच्यासाठी गवती चहा आणि आले पाण्यात उकळून त्यात दूध घाला. गवती चहा ही वेगळीच वनस्पती असल्याने त्यात कॅफिन नसते. गोडीसाठी गूळ घालायचा असल्यास गॅस बंद करून, थोडे निवल्यावर घाला, अन्यथा दूध फाटण्याची शक्यता असते. ज्या दिवशी पोहे असतील त्या दिवशी दुधाऐवजी लिंबाचे सरबत द्या, कारण लिंबातले क जीवनसत्त्व पोह्यांतले लोह शोषायला मदत करते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. आणि ओतताना आपल्या बशीत चहा व त्याच्या बशीत त्याचा "चहा" एकाच वेळी ओता. त्याला तेवढे पुरेल.

प्रश्न : आम्ही दोघेही ठाण्याहून मुंबईला नोकरीसाठी जातो आणि सात वाजता घरी पोहोचतो. मुले तोपर्यंत पाळणाघरात असतात. आम्हाला हे जमणारच नाही का?

उत्तर : जमेल, आठवड्यातून एकदा. रविवारी चार वाजता. सात वाजता रोजचा चहा मांडण्याचा प्रयत्न करू नका. त्या वेळी मुलांना जेवण हवे असते आणि आपल्याला विसावा. रविवारचा मात्र ठरवाल तो तास लग्न, खरेदी, शिकवणी यांपैकी कशासाठीही सहज मोडू नका, आणि मोडावा लागलाच तर आधी मुलांना विचारा. शनिवारी रात्री मुलांबरोबर काहीतरी एक करून डब्यात भरून ठेवा, शंकरपाळे किंवा राजगिऱ्याचे लाडू. डब्यावर कागद चिकटवून त्यावर मुलांनी "रविवार" असे लिहावे आणि तो त्यापूर्वी कोणी उघडू नये. पहिले काही रविवार पाहुणे बोलावू नका.